जीवनसत्त्वांच्या गोळ्या नेमक्या कोणाला लागतात?

ठाण्यात नौपाड्यातील औषधांच्या एका दुकानात मी गेली कित्येक वर्षे फार्मासिस्ट म्हणून काम करते. संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास लोकलमधून उतरलेली माणसे घरी जाता जाता दुकानात डोकावतात, तेव्हा मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न कोणत्याही आजाराविषयीचा नसतो. ‘ताई, हल्ली फार थकवा येतो, एखादी ताकदीची गोळी द्या ना,’ असे कोणी म्हणते, तर कोणी मोबाइलवर एखाद्या डबीचा फोटो दाखवून ‘ऑफिसात सगळे ही घेतात, मीही सुरू करू का?’ असे विचारते. मागे चिठ्ठी घेऊन उभी असलेली माणसे ताटकळत असताना या प्रश्नाचे नीट उत्तर देणे जमत नाही, आणि नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटले तर ते अर्धवट ठरते. म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

जीवनसत्त्वे एकूण १३ आहेत: अ, क, ड, ई, के आणि ब गटातील आठ. त्यांच्या जोडीला लोह, कॅल्शियम, आयोडीन, जस्त, सेलेनियम अशी खनिजे येतात. भात-भाकरीतून किंवा तेलातुपातून जशी ऊर्जा मिळते तशी ती यांच्यातून मिळत नाही. मात्र अन्नातून आलेली ऊर्जा वापरणे, रक्त तयार करणे, हाडे घट्ट ठेवणे, मज्जातंतूंमधून संदेश पोचवणे ही कामे यांच्यावाचून अडून राहतात. ‘ताकदीची गोळी’ हा शब्दप्रयोग म्हणूनच मुळात दिशाभूल करणारा आहे. त्यांची लागणारी मात्राही आश्चर्य वाटावे इतकी लहान असते. ब-१२ या जीवनसत्त्वाची प्रौढ माणसाची रोजची गरज दोन ते अडीच मायक्रोग्रॅम आहे. कागदावर हिशेब मांडला तर एक ग्रॅम ब-१२ एका माणसाला हजार वर्षे पुरेल. फोडणीत हिंग चिमूटभर लागतो आणि तो नसला तर आमटीची चव जाते, पण चिमटीऐवजी मूठभर हिंग टाकून आमटी अधिक चांगली होत नाही, हे ज्या घरात कळते त्या घराला या विषयातील अर्धी गोष्ट आधीच ठाऊक आहे.

उरलेली अर्धी गोष्ट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बटाव्हिया येथे, म्हणजे आजच्या जाकार्तात, क्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरांच्या लक्षात आले की सडून कोंडा काढलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकटचा तांदूळ दिला की पुन्हा उभ्या राहतात. माणसांना होणाऱ्या बेरीबेरी या रोगाचे मूळ त्यातून उलगडले, कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्वाचा शोध लागला आणि १९२९ मध्ये आइकमन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या इतिहासातील पुढचे एक पान तर मुंबईतच लिहिले गेले आणि ते आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते. ल्युसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी एक तीव्र रक्तक्षय होत असे, ज्यात रक्तातील तांबड्या पेशींची संख्या घटून त्यांचा आकार मात्र वाढलेला दिसे. विल्स यांनी या बायका काय खातात याचा अभ्यास केला, दोष जंतूंत नसून ताटात आहे हे ओळखले आणि यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने तो रक्तक्षय बरा होतो हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. यीस्टमधील तो गुणकारी घटक पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला. आज प्रत्येक गरोदर बाईला मिळणारी फॉलिक अॅसिडची गोळी ती हीच.

फॉलिक अॅसिडचे उदाहरण मी मुद्दाम आधी घेतले, कारण पूरक गोळीची बाजू याहून भक्कम दुसरीकडे कोठेही दिसत नाही. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नलिकेतून घडतो ती नलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. त्या वेळी अनेकींना दिवस गेल्याची कल्पनाही नसते. आधीच्या खेपेला या नलिकेत दोष असलेले मूल झालेल्या स्त्रियांवर ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने एक मोठा प्रयोग केला, आणि फॉलिक अॅसिड घेणाऱ्यांमध्ये तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटल्याचे १९९१ मध्ये जाहीर झाले. म्हणून मूल हवे असे ठरवल्यापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड सुरू करावे असे सांगितले जाते, आणि ज्यांच्या आधीच्या बाळात दोष होता त्यांना डॉक्टर याहून बरीच मोठी मात्रा देतात. पाळी चुकल्यावर गोळी घ्यायला येणाऱ्या मुलींना मी गोळी देतेच, पण ही गोष्ट त्यांना आधी कोणी सांगायला हवी होती, असे मला प्रत्येक वेळी वाटते.

कमतरता भरून काढली की माणूस बरा होतो, हे इतक्या वेळा दिसल्यावर पुढचा तर्क साहजिकच मनात आला: थोड्याने रोग बरा होतो, तर जास्तीने तो टळेल. हा तर्क हजारो माणसांवर, वर्षानुवर्षे, काटेकोरपणे तपासून पाहिला गेला आहे. गाजर आणि हिरव्या भाज्या भरपूर खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असे दिसत होते, म्हणून फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांच्या गटात बीटा-कॅरोटीनच्या, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते त्या द्रव्याच्या, गोळ्या देऊन पाहिल्या. १९९४ मध्ये निष्कर्ष हाती आले तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता १८ टक्क्यांनी वाढलेला आढळला. अमेरिकेत १८,००० हून अधिक लोकांवर असाच प्रयोग चालू होता. त्यातही तेच दिसू लागल्यावर १९९६ मध्ये तो मुदतीआधी थांबवावा लागला. मोठ्या मात्रेत ई जीवनसत्त्व घेणाऱ्या पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. गाजर खाणारा माणूस निरोगी असण्यामागे त्याचे सारे जेवण आणि सारी राहणी असते, आणि त्यातले एक द्रव्य काढून गोळीत भरले की ते एकटे तसेच वागेल याची खात्री नसते, हा या प्रयोगांतून मिळालेला मोठा धडा आहे.

रोजच्या साध्या मल्टिव्हिटॅमिनने असा अपाय होत नाही, पण निरोगी माणसाला त्याचा ठळक लाभही दिसलेला नाही. अमेरिकेतील १४,६४१ पुरुष डॉक्टरांना अकरा वर्षे मल्टिव्हिटॅमिन किंवा त्याच्यासारखीच दिसणारी रिकामी गोळी दिली गेली. हृदयविकारात काहीच फरक पडला नाही, कर्करोगाचे प्रमाण मात्र किंचित, आठ टक्क्यांनी, कमी दिसले. वृद्धांच्या स्मरणशक्तीत थोडा फायदा झाल्याचेही अलीकडच्या एका प्रयोगमालिकेत आढळले आहे. दुसरीकडे, ३ लाख ९० हजार निरोगी अमेरिकनांची वीस वर्षांहून अधिक काळची माहिती २०२४ मध्ये तपासली गेली, तेव्हा रोज मल्टिव्हिटॅमिन घेणारे इतरांपेक्षा अधिक जगले असे दिसले नाही. ज्याचे जेवण चारीठाव आहे आणि ज्याला काही आजार नाही अशा तरुणाने डबी आणली नाही तर त्याचे काही बिघडत नाही, असे मी एवढ्या आधारावर निःशंकपणे सांगते.

पण आपल्याकडे ज्यांचे खरोखर बिघडते अशी माणसे थोडीथोडकी नाहीत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणूनच सरकारी कार्यक्रमात गरोदर स्त्रीला १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असलेली गोळी दिली जाते. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात ती विनामूल्य मिळते आणि दुकानातल्या महागड्या पाकिटापेक्षा ती कोणत्याही अर्थाने कमी नाही. ही गोळी चहाबरोबर घेतली तर चहातील टॅनिनमुळे लोह नीट शोषले जात नाही, आणि लिंबाच्या सरबताबरोबर घेतली तर चांगले शोषले जाते. एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक रक्तदोष असलेल्या माणसाचे हिमोग्लोबिन जन्मापासूनच थोडे कमी असते आणि त्याचे कारण लोहाची कमतरता हे नसते; अशा माणसाला तपासणीशिवाय वर्षानुवर्षे लोह दिले तर ते शरीरात साठून इजा करू शकते.

ब-१२ विषयी मला जरा थांबून लिहायचे आहे. हे जीवनसत्त्व वनस्पती बनवत नाहीत. ते मासे, मटण, अंडी आणि दूध यांतूनच मिळते. मोड आलेली कडधान्ये, पालेभाज्या, आंबवलेली इडली यांतून ते भरवशाने मिळत नाही, आणि स्पिरुलिना या शेवाळाच्या पुडीमध्ये जे असते ते बहुतांशी माणसाच्या उपयोगी न पडणाऱ्या रूपात असते. पावशेर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम ब-१२ मिळते, त्यामुळे शाकाहारी घरात दूध, दही, ताक नेमाने असेल तर निभावते; पण ज्यांचे दूध फक्त चहात पडते त्यांचे निभावत नाही. यकृतात ब-१२ चा काही वर्षे पुरेल इतका साठा असल्यामुळे कमतरता फार सावकाश उघडी पडते. त्यातच मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये आणि अॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये ब-१२ कमी शोषले जाते, आणि वय वाढेल तसे जठरातून ते अन्नापासून सुटे होणेही मंदावते.

कोलशेतला राहणाऱ्या एक काकू एका दुपारी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन दुकानात आल्या आणि तो त्यांनी काउंटरवर उपडा केला. आत सात निरनिराळ्या पट्ट्या आणि पाकिटे होती: मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियमच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या, केसांसाठी बायोटिन, कोविडच्या काळापासून चालू राहिलेले झिंक आणि क जीवनसत्त्व, लोह, आणि ड जीवनसत्त्वाची पाकिटे. भाचीने एक दिले होते, शेजारणीने एक सुचवले होते, बाकीची कोठून आली ते त्यांनाही आठवत नव्हते. थायरॉइडची गोळी त्या सकाळी उठल्याबरोबर कॅल्शियमसोबतच घेत होत्या. कॅल्शियम आणि लोह थायरॉइडच्या औषधाला शोषू देत नाहीत, म्हणून त्यांत किमान चार तासांचे अंतर ठेवावे लागते, हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते. बोलता बोलता त्या म्हणाल्या, ‘पायांना सारख्या मुंग्या येतात गं, आणि परवा रस्त्यात चप्पल पायातून निसटली तरी मला कळलं नाही.’ नऊ वर्षे मेटफॉर्मिन चालू होते, जेवण पूर्ण शाकाहारी, दूध आवडत नाही. त्या डब्यातील मल्टिव्हिटॅमिनच्या पट्टीवर ब-१२ चे प्रमाण एक मायक्रोग्रॅम छापलेले होते. मी त्यांना तो डबा तसाच्या तसा डॉक्टरांकडे घेऊन जायला सांगितले.

मुंग्या येणे, तोल जाणे, विसराळूपणा वाढणे ही ब-१२ च्या कमतरतेची लक्षणे असू शकतात, आणि ती फार काळ दुर्लक्षित राहिली तर मज्जातंतूंची हानी पूर्णपणे भरून येत नाही. नुसते फॉलिक अॅसिड घेतल्याने अशा माणसाचे रक्त सुधारलेले दिसते आणि मज्जातंतूंचे नुकसान मात्र आत चालूच राहते, हा धोका वेगळाच. उपचाराच्या गोळीत हजार किंवा पंधराशे मायक्रोग्रॅम ब-१२ असते हे वाचून लोक घाबरतात; पण एवढ्या मोठ्या मात्रेतील साधारण एकच टक्का शोषला जातो, त्यामुळे ती मात्रा योग्यच असते.

ड जीवनसत्त्वाची कथा निराळी आहे, कारण ते मुख्यतः उन्हातून मिळते आणि ऊन तर ठाण्यात बारा महिने असते. तरीही कमतरता आढळते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली, रबाळे, घणसोलीकडे कामाला जाणारी मुले सकाळी सावलीतून निघतात, दिवसभर काचेच्या इमारतीत बसतात आणि अंधार पडल्यावर परततात. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-बी किरण काचेतून आत येत नाहीत, त्यामुळे खिडकीशी बसून उन्हाची ऊब मिळाली तरी जीवनसत्त्व मिळत नाही. कोवळ्या उन्हात बसण्याचा सल्ला आपण पिढ्यानपिढ्या देत आलो आहोत, पण हे किरण आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असते तेव्हाच पुरेसे पोचतात, म्हणजे साधारण अकरा ते तीनच्या दरम्यान. आणि सावळ्या त्वचेला त्यासाठी गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो.

मात्र रिपोर्टवर ठळक छापलेला प्रत्येक आकडा आजार दाखवत नाही. अनेक प्रयोगशाळा रक्ताच्या दर मिलिलिटरमागे ३० नॅनोग्रॅमच्या खालची पातळी अपुरी म्हणून छापतात, तर अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ मध्ये बहुतेकांच्या हाडांसाठी २० ही पातळी पुरेशी मानली होती. तेथील एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात निरोगी प्रौढांनी ही तपासणी सरसकट करू नये असे सुचवले, आणि त्याच वेळी मुले, गरोदर स्त्रिया व ७५ वर्षांवरील वृद्ध यांना ड जीवनसत्त्व पूरक म्हणून देण्याची शिफारस केली. २५,८७१ लोकांना पाच वर्षांहून अधिक काळ रोज २००० युनिट ड जीवनसत्त्व देऊन केलेल्या प्रयोगात कर्करोग, हृदयविकार किंवा हाडे मोडण्याचे प्रमाण कमी झाले नाही. ज्याची पातळी खरोखर खालावली आहे त्याला औषध हवेच. ज्याची नाही त्याला त्यातून जास्तीचे काही मिळत नाही.

येथे एक घटना सांगणे मला कर्तव्य वाटते. आमच्या ओळखीच्या एका आजोबांना ६०,००० युनिटचे ड जीवनसत्त्वाचे पाकीट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, घ्यायचे होते. ते त्यांनी रोज दुधात घालून घेतले, दोन महिने. आठवड्याच्या हिशेबाने जेथे एकूण ४ लाख ८० हजार युनिट जायला हवे होते तेथे ३६ लाख गेले. तहान, बद्धकोष्ठता, उलट्या, मग बोलण्यात असंबद्धपणा. रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर ताण आला होता आणि त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. ब गटातील आणि क जीवनसत्त्वाचा जास्तीचा भाग बहुतांशी लघवीवाटे निघून जातो (ब-कॉम्प्लेक्सनंतर लघवी गडद पिवळी होते ती त्यातील ब-२ मुळे), पण अ, ड, ई आणि के ही स्निग्ध पदार्थांत विरघळणारी जीवनसत्त्वे शरीरात साठतात. म्हणून आजोबांचे कॅल्शियम उतरायलाही कित्येक आठवडे लागले. तेव्हापासून मी अशा प्रत्येक पाकिटावर ठळक पेनाने ‘फक्त रविवारी’ असे लिहूनच ते गिऱ्हाइकाच्या हातात देते.

इतर काही गोष्टी थोडक्यात. गरोदरपणी अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने बाळात व्यंग येऊ शकते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी के जीवनसत्त्व असलेली गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्याच्या रक्तचाचण्या चुकीच्या येऊ शकतात, त्यामुळे रक्त देण्यापूर्वी ते घेत असल्याचे सांगावे. लोहाच्या लाल, गोड आवरणाच्या गोळ्या लहान मुलांना चॉकलेटसारख्या वाटतात आणि मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततात. त्या कुलपातच ठेवाव्यात.

डबीवरचा मजकूर वाचण्याची सवयही लावून घ्यायला हवी. पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक डब्या कायद्याने अन्न या वर्गात येतात, औषध या वर्गात येत नाहीत; त्यांच्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक असतो आणि ते औषध म्हणून वापरण्यासाठी नाही, अशी सूचना छापणे बंधनकारक असते. त्यामुळे एखाद्या डबीने मधुमेह, सांधेदुखी किंवा केसगळती बरी करण्याचे वचन दिले असेल, तर ते वचन देण्याचा तिला अधिकारच नाही.

आणि ज्याला कमतरता नाही त्याने ते पैसे जांभळी नाक्यावरच्या बाजारात खर्च करावेत असे मला वाटते. एका मध्यम पेरूत दोन दिवस पुरेल इतके क जीवनसत्त्व असते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि तिळात त्याहून कितीतरी अधिक. काट्यासकट चावून खाल्ली जाणारी मांदेली कॅल्शियम आणि ब-१२ दोन्ही देते. पालकाला लोहाची मोठी कीर्ती असली तरी त्यातील ऑक्झलेटमुळे त्याचे कॅल्शियम जवळपास वाया जाते, लोहही फारसे मिळत नाही. त्यापेक्षा मेथी, माठ आणि पावसाळ्यात येणारी रानभाजी आलटून पालटून करावी आणि वरून लिंबू पिळावे.

कोलशेतच्या काकू चार महिन्यांनी पुन्हा आल्या. ब-१२ ची पातळी फारच खाली निघाली होती. डॉक्टरांनी आधी इंजेक्शने दिली, मग गोळी सुरू केली, थायरॉइडच्या गोळीची वेळ वेगळी केली, एक कॅल्शियम ठेवले ते रात्रीच्या जेवणानंतर, आणि बाकीच्या पट्ट्या बंद केल्या. मुंग्या अजून पूर्ण गेलेल्या नाहीत, पण पायऱ्या उतरताना आता कठडा धरावा लागत नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या हातात या वेळी डबा नव्हता, एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर तीनच नावे होती.